भर समुद्रात वाटलेले रोट

त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावणे सोडून दिले होते. रागाने सोडले असे म्हणता येणार नाही. राग यायला समोर कोणीतरी आहे असे वाटावे लागते, आणि मला देवाचा कोनाडा रिकामाच दिसत असे. मोठ्या लढाईच्या अखेरीस जी तापाची साथ आली, तिने आमच्या भरल्या घरातली माणसे एकामागून एक अशी नेली की शेवटी चुलीपाशी आम्ही दोघीच उरलो. एक माझ्या सासूबाई, ज्यांना सारा गाव अक्का म्हणे आणि मीही अक्काच म्हणत असे. आणि दुसरी मी. माझे पती शाळामास्तर होते. मी मूळची पहूरची, शेतकऱ्याघरची, निरक्षर अशीच या घरात आले होते. लग्नानंतर त्यांनी मला अक्षरे शिकवली, पुढे परीक्षा द्यायला लावल्या, आणि त्यांच्या मागे त्याच शिक्षणावर मला धुळ्यास, पांझरेपलीकडे देवपुरातल्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली. गावची शेती बटाईने लावून मी अक्कांना घेऊन देवपुरात बिऱ्हाड केले. दिवसा मी मुलींना भूगोल आणि गणित शिकवी. संध्याकाळी घरी यावे तो अक्का ओट्यावर बसलेल्या असत. दिवा त्याच लावीत.

पुढचे समजण्यासाठी आमच्या घरच्या एका चालीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. खानदेशात कानबाई ही घरोघरची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे लावून, नथ घालून तिची स्थापना करतात, आणि तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड, गोड रोट करतात. काही घरांत दरवर्षी नवा नारळ घेतात. आमच्या घरी एकच जुना नारळ पितळेच्या डब्यात लाल फडक्यात जपून ठेवलेला होता. तो किती पिढ्यांचा, हे कोणासही सांगता येत नसे. आतले खोबरे वाळून सुटे झाले होते, त्यामुळे डबा हलला की आत खट् खट् असा आवाज येई, आणि लहान मुले म्हणत, देवी जागी झाली. रोटांसाठी गहू मोजायची रीतही ठरलेली होती. घरातल्या प्रत्येकाचे नाव मनात घेऊन सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. आणि ते रोट फक्त घरच्याच माणसांनी खायचे. परक्याला त्यातला घाससुद्धा द्यायचा नाही. अक्का या बाबतीत फार कडक होत्या. एकदा गावच्या घरी शेजारचे एक तान्हुले रांगत अंगणात आले आणि त्याने रोटाचा तुकडा उचलला, तर अक्कांनी तो त्याच्या मुठीतून हळूच सोडवला आणि त्याच्या हाती लाडू दिला. मूल हसत गेले, पण अक्कांनी तो तुकडा देवीपुढे ठेवून दोनदा हात जोडले, हे मी पाहिले होते.

साथीनंतरच्या श्रावणात अक्कांनी देवी मांडली नाही. मी विचारले, तेव्हा त्यांनी डब्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हटले, "मांडसू, पन रोट कोन खाई?"

पावसाळा सरता सरता त्यांचे काहीतरी मनाशी ठरले. घरातल्या जुन्या माणसांची अशी समजूत होती की कानबाई, लाडाने कानू, ही कान्हाची. जाणकार या देवीविषयी निरनिराळे सांगतात. मी अक्कांची समजूत तशीच लिहिते. एक दिवस भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "कानूले तिना घर पोहचाडी देऊत. द्वारकाना समुद्रमा. उपाशी ठेवापेक्षा ते बरं."

"आणि मग?" मी विचारले.

"मंग मी तठेच ऱ्हासू. देवळाना आंगे पडी ऱ्हासू. तू वापस ये. तुन्ही शाळा शे."

तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. त्यांच्या मते बोलणे तिथेच संपले होते. ज्या घरात रोट खायला माणसे नाहीत ते घर मोडले, आणि मोडल्या घरात बसून राहण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. मला मात्र या जगात अक्कांखेरीज कोणी नव्हते. मी संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून घराकडे वळे, ती केवळ ओट्यावर त्या बसलेल्या दिसतील म्हणून. हे त्यांना सांगावे असे कितीदा मनात आले. पण आम्ही दोघींनी एकमेकींपुढे कधी मन उघडले नव्हते, आणि दुःखाच्या दिवसांत ती सवय अधिकच घट्ट झाली होती. मी शाळेतून रजा घेतली आणि प्रवासाची तयारी सुरू केली.

निघण्यापूर्वी देवीची पाठवणी म्हणून अक्का रोट करायला बसल्या. मी दारात उभी होते. गव्हाच्या कणगीपाशी बसून, ओठ हलवत, त्या मुठी भरभरून टोपलीत टाकत होत्या. टोपली भरत चालली तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे गहू दोघींचे नाहीत. त्यांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने सगळ्यांचे गहू मोजत होता: मामंजींचे, माझ्या दिरांचे, जावेचे, तिच्या मुलांचे, माझ्या पतींचे. शेवटची मूठ टाकून त्या थांबल्या आणि टोपलीकडे पाहत राहिल्या. मी पुढे होऊन म्हणाले, "अक्का, राहू द्या. मी निम्मे परत कणगीत घालते."

"मापेल गहू मांगे टाकतस नही," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे न पुसता जात्यापाशी जाऊन बसल्या.

तुपात खरपूस भाजलेले ते रोट एका मोठ्या झाकणाच्या डब्यात गच्च भरले गेले. आम्ही दोघींनी किती खाणार? जे उरतील ते देवीबरोबर समुद्रात सोडायचे, असे ठरले.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. धुळ्याहून चाळीसगाव, तेथून जळगाव, मग तापीच्या काठाने सुरत, असे गाड्या बदलत गेलो. मी शाळेतला काठेवाडचा नकाशा बरोबर घेतला होता आणि प्रत्येक मुक्कामाला तो उघडून अक्कांना दाखवीत होते. सुरतेला पुलावरून तापी ओलांडताना मी म्हटले, "अक्का, ही आपलीच तापी. इथून पुढे ती समुद्राला मिळते." त्यांनी खिडकीतून नदीला हात जोडले, मग माझ्या नकाशाकडे पाहून म्हणाल्या, "त्या कागदवर वारा काढेल शे का?" मी नाही म्हणाले. "मंग घडी करी ठेव. डोया दुखतीन." समोरच्या बाकावरचा माणूस हसला आणि मलाही हसू आले. कित्येक महिन्यांनी आले असावे.

त्या वेळी द्वारकेपर्यंत आगगाडी गेलेली नव्हती. आम्ही पोरबंदरास उतरलो आणि तेथून शिडाच्या मचव्याने समुद्रमार्गे जायचे ठरवले. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी अधिक आहे, असे मी वर्गात कितीदा सांगितले होते. समुद्र मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पाहून मला भीती वाटली नाही, की भक्तीही वाटली नाही. एवढे मोठे काहीतरी असून त्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही, असे वाटले. आणि ते माझ्या त्या दिवसांतल्या मनाशी अगदी जुळणारे होते.

मचवा लहानच होता. तांडेल, म्हणजे नाव चालवणारा मुख्य, सुलेमानभाई नावाचा पांढऱ्या दाढीचा मुसलमान गृहस्थ होता. हाताखाली त्याचे खलाशी. उतारूंत वीरजी नावाचे एक वृद्ध शेठ होते; ते सोवळे पाळीत आणि आपली शिदोरी व पाण्याची झारी कोणाचा स्पर्श होणार नाही अशी वेगळी ठेवीत. नाळेच्या, म्हणजे मचव्याच्या पुढल्या, टोकाला, सगळ्यांपासून दूर, चामड्याचे काम करणारे एक तरुण जोडपे बसले होते. जीवी आणि तिचा नवरा. जीवीच्या मांडीवर तान्हे मूल होते. बाकी आणखी काही यात्रेकरू. मला एका गोष्टीचे नवल वाटले. माझे पुस्तकी मराठी तिथे कोणाला कळेना, पण अक्कांची अहिराणी आणि तांडेलाची काठेवाडी गुजराती एकमेकींना चांगली ओळखत होत्या. तो 'छे' म्हणे, त्या 'शे' म्हणत, आणि घटकाभरात दोघे पीकपाण्याविषयी बोलू लागले. मीच मध्ये परक्यासारखी बसले होते.

सकाळी वारा चांगला होता. शीड भरले, किनारा उजव्या हाताला मागे मागे सरकू लागला, आणि अक्कांच्या मांडीवरच्या पितळी डब्यात नारळ लाटेबरोबर खट् खट् वाजू लागला. तांडेल म्हणाला की असाच वारा राहिला तर दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत देवळाचे शिखर दिसेल. दुपारी वारा एकाएकी पडला. पाणी तेलासारखे सपाट झाले, शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. मग पश्चिमेकडे आभाळ काळवंडले, आणि दिवस मावळायच्या सुमारास पाऊस व वादळ एकदमच आमच्यावर येऊन पडले. मचवा एका कुशीवर इतका कलला की पाणी आत येऊन उतारूंची गाठोडी तरंगू लागली. शिदोऱ्या भिजल्या, काही वाहून गेल्या. खलाशांची मातीची चूल फुटली. शीड फाटल्याचा आवाज झाला. मी एका हाताने दोर आणि एका हाताने अक्कांना धरून बसले होते, आणि इतक्या गोंधळातही एक विचार स्पष्टपणे मनात आला, की आपण कोणाचाही धावा करत नाही आहोत.

तेवढ्यात एक खलाशी ओरडला, "कोईनी पासे नाळियेर छे?" दर्याला नारळ देण्याची त्यांची चाल आहे, हे मला ऐकून ठाऊक होते. सगळ्यांच्या नजरा अक्कांच्या डब्याकडे वळल्या; त्यात काय वाजते हे सकाळपासून सर्वांनी ऐकले होते. मला वाटले, झाले. ज्यासाठी आलो तेच होणार, फक्त थोडे लवकर. अक्कांनी डबा पोटाशी धरला आणि तांडेलाकडे पाहून शांतपणे म्हटले, "तिलेच देवाले उनू मी. पन आज नही. ती अजून जेवनी नही. उपाशी आंडेरले कोनी सासरले धाडस का, भाऊ?"

आंडेर म्हणजे लेक. तांडेलाला ते कळले. त्याने खलाशाला हाताने गप्प केले, पुन्हा सुकाणूकडे तोंड वळवले आणि जे हाती होते ते करू लागला. वादळाने आम्हांला किनाऱ्यापासून कुठल्या कुठे नेले. कसे बचावलो ते मला क्रमाने सांगता येणार नाही; अंधारात मी काही पाहिलेच नाही. उजाडले तेव्हा पाऊस थांबला होता, चहूकडे धुके होते, किनारा कोठेच दिसत नव्हता, आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती.

ती शांतता वादळापेक्षा कठीण होती. खलाशांनी शीड शिवून पुन्हा चढवले, पण त्यात भरायला वारा नव्हता. "पवन पडी गयो छे, माडी," तांडेल अक्कांना म्हणाला, आणि आपला दोष असावा तसा खाली पाहू लागला. शिडाच्या घडीत साठलेले पावसाचे पाणी पिण्यापुरते मिळाले होते. खायला मात्र कोणाकडे काही उरले नव्हते. मोठी माणसे गप्प राहू शकतात. जीवीचे मूल सकाळपासून रडत होते. तिने त्याला पुन्हा पुन्हा छातीशी धरले, ते क्षणभर थांबे आणि पुन्हा रडू लागे. आईच्या पोटात काही नव्हते आणि भीतीने तिचे दूधही आटले होते. दुपारपर्यंत ते रडणे बारीक झाले. ज्यांनी घरात मुले गमावली आहेत त्यांना, रडणे बारीक होते म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मी अक्कांकडे पाहिले नाही, आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही.

रोटांचा डबा मात्र कोरडा होता. झाकण घट्ट होते आणि रात्रभर अक्का त्यावरच बसल्या होत्या.

त्यांनी पितळेचा डबा उघडला. लाल फडके बाजूला करून नारळाची नथ नीट केली आणि देवीला मांडीशी उभी धरून तिच्यापुढे एक रोट ठेवला. हात जोडले. नंतर एक तुकडा मला दिला, एक स्वतः तोंडात घातला. रीत पुरी झाली होती. घरच्यांनी खाल्ले होते. रोटांनी भरलेल्या डब्याकडे त्या किती वेळ पाहत होत्या कोणास ठाऊक. मग त्या उठल्या आणि, मचवा मुळी डोलतच नव्हता म्हणून, सरळ चालत नाळेच्या टोकाशी गेल्या आणि जीवीपुढे बसल्या.

"नाव काय तुन्हं, माय?"

तिने नाव सांगितले. अक्कांनी ते ओठांत घोळवले, आणि त्यांचा उजवा हात, टोपलीत गहू टाकताना होतो तसा, नकळत मुठीसारखा मिटून उघडला. मग त्यांनी एक सबंध रोट तिच्या हातात ठेवला. जीवी मागे सरकली. आपण कोण हे तिने हलक्या आवाजात सांगितले. अक्का म्हणाल्या, "खाई ले. तू खाशी ते त्या पोरना पोटमा जाई." जीवीने नवऱ्याकडे पाहिले आणि खायला सुरुवात केली. मग अक्का एकेकापाशी गेल्या, एकेकाचे नाव विचारत, नाव ओठांत घेऊन, मूठ मिटून-उघडून.

तांडेल म्हणाला, "हुं मुसलमान छुं, माडी."

"मंग? पानी बुडाडस तव्हय इचारस का, तू कोन शे म्हनीसन?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. वीरजी शेठांनी मात्र मान फिरवली. मी कोणाच्या हातचे खात नाही, असे ते म्हणाले आणि पंचा डोक्यावर ओढून बसले. अक्का त्यांच्यापुढे ठाण मांडून बसल्या. "शेठ, हाई देवीनं घर शे. तिना घरमा पाव्हना उपाशी ऱ्हायना ते ती मालेच बोलई. म्हतारपनमा मन्हा आंगवर बोल नका आना." मग पंच्याच्या आडून एक हात बाहेर आला. खलाशी हसू लागले तेव्हा शेठही आतल्या आत हसले असावेत, कारण पंचा हलत होता.

मला विचारल्यावाचून राहवले नाही. त्या परत येऊन बसल्या तेव्हा म्हणाले, "अक्का, रोट तर घरच्यांनीच खायचे असतात ना?"

त्यांनी मचव्यातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "काल रातले बठ्ठासले एकच भेव व्हतं. एकच भेव जेसले, त्या एकच घरना. आते आठे परकं कोन ऱ्हायनं?"

सर्वांचे खाणे झाले तेव्हा डबा रिकामा होता. मी गणित शिकवणारी बाई. आमच्या घरातून गेलेल्या माणसांची संख्या मला पाठ होती, आणि मचव्यातली माणसे मोजायला वेळही लागला नसता. पण मी मोजली नाहीत. अक्कांच्या हातून सवयीने पडलेल्या त्या मुठी कोणासाठी पडल्या होत्या, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि आयुष्यात प्रथमच एखादा प्रश्न उत्तर न काढता तसाच हाती धरून बसावेसे मला वाटले. अक्कांनी डब्यातला चुरा माशांसाठी पाण्यात झाडला. "माससले बी," त्या म्हणाल्या. नाळेकडे मुलाचे रडणे थांबले होते. ते आईच्या छातीशी लागले होते, आणि त्याचा नवशिका बाप दोन्ही हातांनी त्याच्यावर सावली धरून बसला होता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग अक्कांच्या मांडीवरच्या पितळी डब्यात हलकेच खट् असे वाजले. मला भास वाटला. पुन्हा वाजले. तांडेलाने मान वर केली. त्याने आवाज ऐकला की पाण्याला आलेली लाट पाहिली, हे मी त्याला विचारले नाही. शिडाची एक कड फडफडली, मग सबंध शीड हळूहळू फुगले, आणि धुके एका बाजूने पडदा सरकवावा तसे हटू लागले. वारा नैर्ऋत्येचा होता, किनाऱ्याकडे नेणारा. समुद्रावर वारा पडतो आणि पुन्हा सुटतोही, हे खलाशी जाणतात आणि मीही जाणते. त्या दिवशी तो तेव्हा सुटला, एवढेच मी लिहिते.

उन्हे कलली तेव्हा द्वारकेच्या देवळाचे शिखर आणि त्यावरचा ध्वज दिसला. उतारू उभे राहून हात जोडू लागले. अक्कांनी डबा उघडून नारळ बाहेर काढला आणि मचव्याच्या काठाशी बसल्या. देवी आता जेवली होती. पाठवणीला काही उणे राहिले नव्हते. मला वाटले, त्यांचा हात धरावा, पदर धरावा, सांगावे की पुलावरून घरी येताना ओटा रिकामा दिसला तर मी कोठे जाऊ. हात पुढेही झाला होता. मग मी तो मागे घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. ज्या हाताने एवढ्या माणसांना घास दिला होता तो अडवायचा अधिकार मला नव्हता. मनात एवढेच आले, की तुझी इच्छा असेल तसे होवो. कोणाला उद्देशून आले ते ठाऊक नाही. पण कित्येक महिन्यांनंतर ते कोणाला तरी उद्देशून होते.

अक्का पाण्याकडे पाहत राहिल्या. मागे वळून त्यांनी मचव्यातल्या माणसांकडे एकदा पाहिले. शेठ जीवीच्या नवऱ्याला, बाळाला ऊन लागू नये म्हणून, स्वतःचा पंचा देत होते. देताना अंतर राखून देत होते, पण देत होते. अक्कांनी नारळाची नथ सरळ केली, त्याला फडक्यात गुंडाळले आणि डब्याचे झाकण लावले.

"भरेल घरमाथीन देवीले कोनी काढस का?" त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडे न पाहता, नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आनी तुले गहू निवडता येस नही. मी नही ऱ्हायनू ते बठ्ठासले खडा खावाडशी."

मी तोंड फिरवले आणि समुद्राकडे पाहत रडले. अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मचवा खाडीत शिरेपर्यंत काढला नाही.

देवळात आम्ही गेलो. गर्दीत मूर्ती नीट दिसली नाही. गाभाऱ्यातली समईची ज्योत मात्र दिसली, आणि मला ती पुरेशी वाटली. किनाऱ्यावर निरोप घेताना सुलेमानभाई अक्कांना म्हणाला, "आवता श्रावणमां मारो भाग राखजो, माडी." त्याने हसत म्हटले होते. अक्कांनी गंभीरपणे मान डोलावली.

आम्ही दोघी देवपुरात परत आलो, त्या संध्याकाळी दिवा मी लावला. अक्का ओट्यावर होत्या. त्यांनी आत वळून पाहिले आणि हात जोडले.

पुढच्या श्रावणात कानबाई मांडली. अक्का गहू मोजायला बसल्या तेव्हा गेलेल्यांच्या नावांमागून मुठींच्या मोजणीत सुलेमानभाई आला, वीरजी शेठ आले, जीवी, तिचा नवरा, आणि ज्याचे नाव ठेवायचे राहिले होते म्हणून ज्याला अक्का नुसते 'जीवीनं पोर' म्हणत, तेही आले. तांडेलाचा भाग त्यांनी खरोखरच केळीच्या पानावर वेगळा काढून ठेवला. एवढे रोट खायला कोण, असा प्रश्न आता नव्हता. शिक्षणासाठी परगावाहून येऊन राहिलेल्या माझ्या शाळेतल्या मुली पंगतीला होत्या, इथल्या शेजारचेही एक तान्हुले रांगत आले होते, आणि त्याच्या मुठीतला तुकडा या वेळी कोणी सोडवला नाही. गावाकडून आमची शेती करणारे नाना आले होते. त्यांना हे रुचले नाही. "अक्का, रीत मोडी टाकी तुमी," ते म्हणाले.

"रीत कोठे मोडनी, नाना? घर वाढनं. बसा, तुमना रोट थंडा व्हई ऱ्हायना."

नाना बसले, आणि दोन रोट खाऊन उठले.

अक्का जाऊनही आता बरीच वर्षे झाली. गहू मी मोजते. मुलींना मी अजून सांगते की माप नेमके असावे, हिशेबात चूक असू नये. आणि ते खरेच आहे. पण माप घेणे एवढेच आपल्या हाती असते. ते कोणासाठी घेतले गेले, ते ज्याचे त्याला कोठे आणि केव्हा पोहोचायचे, हे दुसरे कोणी पाहत असते, आणि त्याच्या स्वाधीन राहून मूठ भरत जाणे यात मला शांती आहे. सुलेमानभाई आहे की नाही, जीवीच्या मुलाला नाव काय मिळाले, मला ठाऊक नाही. त्यांच्या नावाने गहू टाकताना हात थांबत नाही. अक्कांचे नाव मी सर्वांत शेवटी घेते. मग गहू दोनदा निवडते, कारण खडा राहिला तर त्या बोलतील. आणि देवी मांडण्यासाठी पितळेचा डबा उचलते, तेव्हा आत खट् असे वाजते.